करणे, करणे आणि फक्त करणे

परवा ऑफिसात आमच्याकडे नव्याने लागलेली एक मुलगी मला म्हणाली, "सर, ती फाईल मी पुट अप केली होती, साहेबांनी चेक करून रिटर्न केली, आता करेक्ट करून परत सबमिट करते." मुलगी गुणी आहे, काम चोख, घर पक्के मराठी. मी म्हटले, "बरं. फॉरवर्ड केलीस की मला इन्फॉर्म कर." ती गेली आणि मी बसल्या जागी ते संभाषण बोटांवर मोजले. पुट अप, चेक, रिटर्न, करेक्ट, सबमिट, आणि माझे स्वतःचे फॉरवर्ड व इन्फॉर्म. सात कामे, साती इंग्रजीत! आणि मराठीने काय पुरवले? 'करणे'. सात वेळा 'करणे'.

आधीच सांगून टाकतो, इंग्रजी शब्दांवर माझा राग नाही. मी सरकारी कारकून आहे, इंग्रजीच्या मिठावर जगतो. फाईलला फाईल म्हणावे, टेबलाला टेबल म्हणावे. 'नस्ती' म्हणून फाईल लवकर हलत नाही हे मी अनुभवाने सांगतो. माझी तक्रार आहे ती क्रियापदांबद्दल. भाषेत नामे ही पाहुण्यासारखी येतात-जातात. क्रियापद मात्र घरातले कर्ते माणूस. ते उठून गेले की घर उभे दिसते, पण चूल पेटत नाही.

हा विचार माझ्या डोक्यात ऑफिसात शिरला नाही. तो घेऊन मी आलो आदिलाबादहून.

आता गोव्याच्या माणसाचे आदिलाबादला काय काम, असे तुम्ही विचाराल. माझा भाचा हैदराबादला नोकरीला आहे. त्याने तिथेच लग्न जमवले. मुलगी मराठी निघाली म्हणून ताईने देवाला नारळ ठेवला. मग कळले की मुलीचे घर तेलंगणात आहे, आदिलाबादला! "तिथे कसली मराठी?" असे आमच्याकडे दोघा-तिघांनी नाक मुरडून विचारलेही. मी मामा, त्यामुळे जाणे भाग होते. नांदेडहून किनवटमार्गे आदिलाबादची गाडी धरली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा. दरबार आणि कचेरी उर्दूत, पण गावागावात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी. 1956 साली राज्यांची भाषावार फेरमांडणी झाली तेव्हा या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी म्हणून मुंबई राज्यात आले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ, पलीकडे आदिलाबाद. रेघ नदीवर पडली, पण बोली काही पाण्यापाशी थांबत नाही. 2014 साली तेलंगण वेगळे झाले, 2016 साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आणि एवढ्या उलथापालथीत बेला, जैनद या बाजूच्या गावांत मराठी बोलणारी माणसे होती तिथेच आहेत. त्यांच्या मराठीला राज्य नाही. 2018 साली तेलंगणात शाळांतून तेलुगू शिकवणे सक्तीचे करणारा कायदा झाला. 2022 साली सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणायचे ठरले. अशा दोन भिंतींच्या मध्ये ही मराठी उभी आहे. आमच्यासारखे साहित्य संमेलन नाही, वर्तमानपत्रातले वाद नाहीत, राजभाषेचे मोर्चे नाहीत.

लग्नाच्या आदल्या दिवशी वधूच्या आजोबांबरोबर त्यांच्या शेतावर गेलो. काळी जमीन आणि नजर पोचेल तिथवर कापूस. आदिलाबादचा कापूसबाजार मोठा आहे, गावाबाहेर जिनिंगच्या गिरण्याही आहेत. मी गोव्याचा, भात आणि नारळापलीकडे मला शेती कळत नाही. म्हणून विचारले, "यंदा कसे आहे?" म्हातारा बांधावर टेकला आणि म्हणाला, "काय सांगू भाऊ! दोनदा वखरलं, सरकी लावली, तीनदा डवरलं, दोनदा निंदलं, चारदा फवारलं. आता वेचाले माणसं भेटून नाही राहिले."

मी ऐकतच राहिलो. एका दमात सात क्रियापदे, एकाही ठिकाणी 'करणे' नाही. वखर म्हणजे अवजार, त्याचे झाले वखरणे. डवरा म्हणजे अवजार, त्याचे डवरणे. आपल्याला नांगर आणि नांगरणे माहीत असते, खुरपे आणि खुरपणे माहीत असते, पण ही भाषेची केवढी मोठी टाकसाळ आहे हे मी बी.ए.ला मराठी घेऊनही कधी ध्यानात घेतले नव्हते. हातात अवजार आले की मराठी माणूस त्याचे क्रियापद पाडत होता.

त्यातही 'फवारणे' बघा. कपाशीवर पंपाने औषध मारणे ही काही ज्ञानेश्वरांच्या काळची गोष्ट नव्हे. ते आधुनिक यंत्र, आधुनिक रसायन, सगळे बाहेरून आलेले. 'फवारा' हा शब्दही मुळात अरबी. कुठल्याही शेतकऱ्याने सरकारी समितीची वाट पाहिली नाही. हाताशी असलेला परका शब्द घेतला, त्याला 'णे' लावला आणि 'फवारणे' तयार! आज ते इतके मराठी आहे की ते परके होते असे सांगितले तर भांडण होईल. आणि आपण? घरात डास झाले तर "जरा स्प्रे कर गं."

संध्याकाळी मांडवात मी हे भाच्याला सांगितले. तो इंजिनियर, वाद घालायला तत्पर. म्हणाला, "मामा, तुम्ही इमोशनल होता. लँग्वेज इव्हॉल्व होते. इंग्लिशनेसुद्धा जगभरातून शब्द घेतले, म्हणून ती मोठी झाली."

हा युक्तिवाद आपण सगळेच ऐकतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. इंग्रजीने शब्द घेतले, अगदी खरे. पण कसे घेतले ते पाहा. इंग्रज हिंदुस्थानात आले आणि त्यांनी आपल्याकडून 'लूट' हा शब्द नेला (आणि शब्दाबरोबर बरेच काही नेले, ते सोडा). इंग्रजीत नेऊन त्यांनी काय म्हटले? 'लूट करणे' असे म्हटले नाही. त्यांनी सरळ क्रियापद केले, लूट, लूटेड, लूटिंग. डोके चेपून द्या अशा अर्थाचे हिंदीतले 'चांपो' त्यांनी नेले आणि त्याचा 'शांपू' केला, तोही क्रियापद म्हणून त्यांच्याकडे चालतो. आता गंमत पाहा. तोच शब्द बाटलीत बसून आपल्याकडे परत आला आणि आपण म्हणतो "केसांना शांपू कर". आपलेच क्रियापद परत आले तेही आपल्याला चालवता येईना!

आणि इंग्रजांचे कशाला, आपल्या पूर्वजांनाही हे येत होते. बदलणे, खरीदणे, फर्मावणे, आजमावणे ही सगळी अरबी-फारसीची लेकरे. मराठीने त्यांना 'णे'चे टोपडे घातले आणि मांडीवर घेतले. आमच्या गोव्याचे उदाहरण तर माझ्या जिव्हाळ्याचे आहे. महिन्याच्या शेवटी ज्याची वाट पाहतो तो 'पगार' हा मूळचा पोर्तुगीज शब्द. पोर्तुगीजमध्ये ते क्रियापद आहे, त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. मराठीने त्या क्रियापदाला धरून नाम करून टाकले, आणि द्यायचे-घ्यायचे काम आपल्या देणे-घेणेकडेच ठेवले. 1510 ते 1961 पोर्तुगीज इथे राहिले. पाव दिला, बटाटा दिला, चावी दिली, साबण दिला. पण पाव आम्ही भाजत होतो, बटाटा चिरत होतो, चावी फिरवत होतो. क्रियापद आमचेच होते.

"मग आता काय झालं?" भाच्याने विचारले. झाले असे की आपण पचवणे सोडले. इंग्रजी क्रियापद येते, त्याला आपण ना सोलतो ना चावतो. ताटात जसेच्या तसे ठेवतो आणि शेजारी 'करणे' नावाचा वाढपी उभा करतो. सोबत 'होणे' नावाचा त्याचा भाऊ. दोनशे वर्षे इंग्रजीच्या संगतीत काढून आपण किती इंग्रजी क्रियापदांना 'णे' लावला? पंधरा-वीस वर्षांपूर्वी नेटवरच्या मराठी मंडळींनी गमतीने 'गुगलून पाहा' म्हणायला सुरुवात केली होती. मला ते फार आवडले होते, कारण ती फवारणेचीच रीत होती. पण तीही थट्टा म्हणूनच राहिली. आज 'सर्च कर'.

कोणी म्हणेल, चालते ना काम? अर्थ कळतो ना? तर आता अर्थाचेच बघू.

'मिस करणे' घ्या. बस मिस केली, कॅच मिस केला, लग्न मिस केले, तुला मिस करतो. मराठीत बस चुकते, झेल सुटतो, नेम हुकतो, लग्नाला माणूस मुकतो आणि माणसाची आठवण येते. पाच वेगळ्या गोष्टी, पाच वेगळी दुःखे! चुकण्यात घड्याळाचा दोष असतो, हुकण्यात हाताचा, मुकण्यात नशिबाचा. आणि आठवण तर आपण काढावी लागतेच असे नाही, ती येते. "मला तुझी आठवण येते" यात मी कर्ता नाही, आठवण कर्ती आहे. "मी तुला मिस करतो" म्हटले की तेही एक काम झाले, अंघोळ करतो, जेवण करतो, मिस करतो. आवडणे, सुचणे, वाटणे, रुचणे, आठवणे ही मराठीतली सगळी 'मला' वाली क्रियापदे अशीच 'मी' वाली होत चालली आहेत. मला आवडले नाही म्हणायचे, मी लाईक केले म्हणायचे.

स्वयंपाकघरात या. एका नारळाला आमच्या आईकडे किती क्रियापदे होती ते आठवा. पाडेली नारळ पाडायचा, मग तो सोलायचा, फोडायचा, खवायचा, वाटायचा आणि पिळून रस काढायचा. आता टीव्हीवर मराठीच कार्यक्रमात, मराठीच बाई, "कोकोनट ग्रेट करा, मग ग्राइंड करा, आणि मिक्स करा." खवणीवर खवणे आणि किसणीवर किसणे यात फरक आहे, हे जिला कळत होते तिच्या नातीला ते शब्द नाहीत म्हणून फरकही नाही.

आणि एक सांगतो, जे लिहिताना अजून हात जड होतो. माझे वडील गेले त्या सकाळी मी ऑफिसात फोन केला आणि म्हणालो, "बाबा एक्स्पायर झाले." मीच म्हणालो. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलाने. औषध एक्स्पायर होते, पावाची लादी एक्स्पायर होते, गाडीचा विमा एक्स्पायर होतो. माणूस जातो, वारतो, निवर्ततो, देवाघरी जातो. आपल्या भाषेने मरणालासुद्धा माणसागणिक वेगळे क्रियापद ठेवले होते, त्यात जाणाऱ्याचा मान होता आणि मागे राहणाऱ्याचा हुंदका. मी मात्र बापाच्या मरणालाही एक शिक्का मारला आणि रजेचा अर्ज सबमिट केला.

म्हणजे इंग्रजी क्रियापद अर्थ नेमका करते ही समजूतही खोटी आहे. उलट आपल्याकडे येऊन ते अर्थ लपवते. सरकारी माणूस म्हणून सांगतो, 'मॅनेज करणे' या शब्दाखाली आपल्या देशात काय काय झाकले जाते ते त्या शब्दाच्या मूळ मालकाला ऐकवले तर तो घाबरेल. लाच देणे, दडपणे, वळवणे, गप्प बसवणे ही मराठी क्रियापदे उच्चारताना जीभ अडखळते. "मॅनेज केलं" म्हणताना अडखळत नाही. म्हणूनच ते लाडके आहे.

पण या सगळ्याचा राजा 'अ‍ॅडजस्ट'. आदिलाबादच्या स्टेशनवरून निघालेल्या बसमध्ये एक बाई मला तेलुगूत म्हणाल्या, "कोंचम अ‍ॅडजस्ट चेसुकोंडी." मला तेलुगू येत नाही, पण मी लगेच सरकलो. आमच्या कदंबच्या बसमध्येही हेच ऐकतो, "जरा अ‍ॅडजस्ट करा." मराठीचा 'करणे' तसा तेलुगूचा 'चेयडम'. म्हणजे हा रोग एकट्या मराठीचा नाही. तेलुगूलाही एकेकाळी परका शब्द पचवता येत होता, संस्कृतातल्या 'प्रेम'ला प्रत्यय लावून त्यांनी 'प्रेमिंचु' हे क्रियापद केले. आता तिथेही वाढपी उभा आहे. तर, अ‍ॅडजस्ट. सरकणे, दाटीने बसणे, निभावणे, जमवून घेणे, सांभाळून घेणे, आणि सोसणे. इतके सगळे त्या एका शब्दाच्या पोटात.

त्याची किंमत मला लग्नानंतरच्या पाठवणीला कळली. नवरी निघाली. आमच्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या शिकल्या-सवरल्या बायका एकेक करून तिला जवळ घेऊन सांगत होत्या, "सगळ्यांशी अ‍ॅडजस्ट कर हं", "सुरुवातीला थोडं अ‍ॅडजस्ट करावंच लागतं." मुलगी मान हलवत होती. शेवटी तिची आजी आली. शेतावर माझ्याशी बोललेल्या त्या म्हाताऱ्याची बायको, शाळेत न गेलेली. तिने नातीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "सांभाळून घेजो माय. पण सोसू नोको."

वाचकहो, हे दोन शब्द पुन्हा वाचा. सांभाळून घेणे आणि सोसणे. एकात मुलगी कर्ती आहे, दुसऱ्यात ती बळी आहे. या दोन्हींच्या मध्ये एका पोरीचे अख्खे आयुष्य आहे. आजीच्या भाषेत तिथे स्पष्ट रेघ होती, म्हणून तिला ती नातीला दाखवता आली. आमच्या शिकलेल्या बायकांकडे फक्त 'अ‍ॅडजस्ट' होते. त्यात रेघच नाही, मग कुठे थांबायचे ते मुलीने ओळखायचे कसे? उद्या सासरी कुणी तिला छळू लागले (आमची ताई तशी नाही, तरीही) तर तेही अ‍ॅडजस्टमध्येच मोडेल.

आता आपल्या गोमंतकीय मराठीवाल्यांशी दोन शब्द. राग आला तर येऊ दे. 1987 चा राजभाषा कायदा झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. कोकणी राजभाषा, आणि मराठीचाही सरकारी कामासाठी वापर, ही तेव्हाची तडजोड. तेव्हापासून आजवर मराठीच्या दर्जासाठी आपण सभा घेतो, ठराव करतो, निवेदने देतो. मीही सह्या केल्या आहेत. पण त्या सभेतले सूत्रसंचालन कान देऊन ऐका. "मी आता पाहुण्यांना इन्व्हाइट करतो. त्यांनी आपला व्हॅल्युएबल वेळ स्पेअर केला." दर्जा मागायचा कोणासाठी? 'करणे'साठी?

आपले भाषाशुद्धीवालेही नेहमी नामांच्याच मागे लागले. शिवाजी महाराजांच्या काळी रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला, तो मुख्यत्वे नामांचा. सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला, मोठे काम केले, पण तीही नामेच. त्या काळात ते पुरेसे होते, कारण क्रियापदे शाबूत होती. आज आपण पाटीवर 'अधीक्षक' लिहून खूश होतो आणि पाटीमागे बसून "अप्रूव्ह करतो".

आदिलाबाद म्हणजे मराठीचे वैकुंठ आहे असे मी म्हणत नाही. नवरीचा धाकटा भाऊ मला विचारत होता, "अंकल, एन्जॉय करून राहिले ना?" 'करून राहिले' तेवढे आजोबांचे उरले आहे, क्रियापद गेले. ज्या घरात आजोबा चारदा फवारतात त्याच घरात नातू स्प्रे करील, आणि त्याचे पोर कदाचित तेलुगूत किंवा इंग्रजीत करील. राज्य नसल्याने मराठी जाते असे आपण म्हणतो. पण आजोबांच्या मराठीला राज्य कधीच नव्हते, निजामाच्या वेळीही नव्हते. त्यांची क्रियापदे टिकली कारण ते त्या भाषेत काम करत होते. आपण काम इंग्रजीत करतो आणि मराठीत फक्त त्याची बातमी देतो.

उपाय मोठा नाही, म्हणूनच अवघड आहे. 'रिचार्ज करणे', 'डाउनलोड करणे' असू द्या, त्यांना जुनी जागा नव्हती. पण जिथे आपले क्रियापद जिवंत बसलेले आहे तिथून त्याला उठवू नका. बस चुकू द्या, कॅच सुटू द्या, नारळ खवा, आणि माणसाला आठवा.

ऑफिसात मी सुरुवात केली आहे. त्या मुलीची फाईल परत माझ्याकडे आली तेव्हा म्हटले, "हे बघ, फाईल तू मांडलीस, साहेबांनी तपासून परतवली, आता सुधारून पुन्हा पाठव." ती हसली. म्हणाली, "सर, हे तर आमची आजी बोलते तसं वाटतं." मी म्हटले, "तसंच बोल." संध्याकाळी निघताना तिने दारातून सांगितले, "सर, फाईल पाठवली." शेजारच्या टेबलावरच्याने मान वर करून विचारले, "म्हणजे फॉरवर्ड केली ना?"